लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन या ग्रंथालय आणि कलासंग्रहालयात पुस्तकं, चित्रं आणि बागा एका दिवसात बघून होतात का?

होतात, पण निम्म्या बागा सोडायची तयारी ठेवा. लोकांसाठी खुला असलेला बागांचा भागच सुमारे १३० एकर आहे आणि वेळ फक्त १० ते ५ (मंगळवारी बंद). मी स्वतः उलट क्रमाने फिरून पस्तावले, म्हणून सांगते:

- सकाळी आधी निवडुंगांची बाग. तिथे सावली जवळपास नाहीच. भोपळ्याएवढे गोल, पिवळ्याधमक काट्यांचे निवडुंग रांगेने बसलेले असतात, कोवळ्या उन्हात ते काटे अक्षरशः चमकतात.
- दुपारी चित्रं. गेन्सबरोचा 'ब्लू बॉय' (संस्थापक हेन्री हंटिंग्टनने १९२१ मध्ये घेतलेला) आणि लॉरेन्सची 'पिंकी' समोरासमोर आहेत. बाकीची दालनं पळत बघितली तरी चालतील.
- उतरत्या उन्हात चिनी आणि जपानी बाग.

पुस्तकांचं मात्र वेगळं आहे. चर्मपत्रावर छापलेलं गुटेनबर्ग बायबल (युरोपातल्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक) त्यांच्या संग्रहात आहे, पण मांडणी बदलत असते, तेव्हा सध्या काय बाहेर ठेवलंय ते निघण्यापूर्वी वेबसाइटवर बघा. वाचनकक्षात प्रवेश फक्त नोंदणी केलेल्या अभ्यासकांना, तिकिटावर नाही. हस्तलिखितंच बघायची असतील तर त्यांचा डिजिटल संग्रह घरबसल्या फुकट आहे.