पहिल्या डोसआधी एवढं वाचा

मुलाची फूड अ‍ॅलर्जीसाठी ओरल इम्युनोथेरपी (ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे तोच अगदी थोड्या, हळूहळू वाढणाऱ्या डोसने रोज खायला देणं) सुरू होतेय ना? अभिनंदन, आणि घाबरू नका. सुरुवातीला फार वाचत बसू नका, एवढंच सांभाळा:

- डोस कधीच उपाशीपोटी नको. आधी पोटभर खाणं, मग डोस. नंतर तासभर मूल नजरेसमोर हवं, म्हणून झोपायच्या तोंडावर देऊ नका.
- डोसनंतर किमान 2 तास धावपळ, सायकल, गरम पाण्याची अंघोळ बंद. बहुतेक जण इथेच चुकतात. रोज पचणारा डोसही अंग तापलं की अचानक अंगावर उठतो. त्यामुळे वेळ ठरवताना आधी खेळाची वेळ बघा.
- ताप, उलट्या-जुलाब, दम्याचा त्रास असेल तर डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन. काही दिवस चुकले तरी तेच; मनाने पुन्हा सुरू करू नका.
- पावडर असेल तर काट्यावर मोजा, चमच्याच्या अंदाजाने नाही.

तोंडाला खाज, थोडं पोट दुखणं सुरुवातीला चालतं. तरी वहीत टिपून ठेवा. पण श्वास लागला, आवाज बसला, अंगावर गांधी येऊन उलट्या सुरू झाल्या, तर लगेच एपिनेफ्रिन (गंभीर अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन). खाजेच्या गोळीचा परिणाम बघत थांबू नका. इंजेक्शन कायम मुलासोबत हवं, शाळेतसुद्धा.

डोस वाढवायची घाई नको. ‘आज नको’ म्हणून मूल रडलं, तर आधी पोटात दुखतंय का विचारा.