बाकांचा नकाशा कुठे आहे?

प्रिय धाकट्या सहकाऱ्यास,

अनेक आशीर्वाद.

लघुचित्रांच्या प्रदर्शनाचा तुझा आराखडा वाचला. चित्रांची निवड उत्तम. पण ती बघायला येणारा माणूस फक्त ‘अपेक्षित गर्दी’च्या रकान्यात भेटला.

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी एका माणसाला वस्तूंबद्दल प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढले. १९१६ साली ते छापून आले. कुठे तो कमरेत वाकलाय, कुठे उकिडवा बसलाय. संग्रहालयात येणारा थकवा बराचसा मांडणीतून येतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. तरी आपण अजून फलक गुडघ्याशी लावतो!

लघुचित्र लांबून दिसत नाही. एकजण काचेला नाक लावून उभा राहिला की मागचे चौघे खोळंबतात. तेव्हा चित्रं कमी कर, मधली जागा वाढव.

प्रकाशाचं दुखणं खरं अवघड. कागदावरच्या रंगांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर नेऊ नये, त्यात तडजोड नाही. पण साठीच्या डोळ्यांना तेवढ्यात फलक वाचवत नाही. त्यांना उन्हातून थेट आत आणू नकोस. आधीचा बोळ टप्प्याटप्प्याने मंद कर, डोळे सरावू देत. अक्षर मोठं ठेव, मजकूर छाट. आणि जम्मूकडच्या बसोहली शैलीच्या चित्रांत पाचू म्हणून भुंग्याच्या पंखांचे तुकडे चिकटवलेले असतात, त्यांच्यावर दिवा तिरका सोडून बघ. ते चमकले की लोक आपसूक थांबतील.

फलकावरची ‘कागदावर अपारदर्शक जलरंग’ ही ओळ शेवटी जाऊ दे. लोकांना कळायला हवं की चित्रातली ही बाई भर रात्री, विजा कडाडत असताना एकटी कुठे निघालीय. अभिसारिकेच्या, म्हणजे प्रियकराला भेटायला निघालेल्या या नायिकेच्या, पायाशी साप आहे, पैंजण गळून पडलंय, तिकडे बोट दाखव.

डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाने २००७ साली दालनं नव्याने लावली, तेव्हा अठराव्या शतकातल्या मेजवानीचं चित्रण चक्क टेबलावर प्रक्षेपित केलं. लोक भोवती बसून ताटं वाढली जाताना बघतात. तुझे वरिष्ठ याला तमाशा म्हणतील. म्हणू देत. दालनात मांडलेली भांडी कशासाठी होती हे तरी तिथे कळतं, शिवाय टेकायला मिळतं.

फलक छापण्याआधी साध्या कागदावर काढून भिंतीला चिकटव आणि दालनातल्या पहारेकऱ्यांना वाचायला सांग. लोक काय विचारतात हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. (पहिला प्रश्न बहुधा स्वच्छतागृहाचाच असतो, तोही बाण नकाशात हवा.)

सुधारित आराखडा पाठवशील तेव्हा बाक कुठे ठेवणार तेही दाखव.

तुझा,
जुना सहकारी