जुना गीझर ठिबकतोय, बदलावा का? 15 लिटरचा घेऊ की 25 चा, आणि स्वतः बसवता येईल का?

तापताना खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं, म्हणून फिटर म्हणतो गीझरच बदला, एवढं वाचलं आणि बाकीचा प्रश्न वाचायच्या आधीच मी लिहायला बसले. अहो, तापताना ठिबकतंय ना? मग तो व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय! आधी गीझर खालून नीट बघा, पाणी नेमकं कुठून येतंय ते. व्हॉल्व्हमधून येत असेल तर वेगळी गोष्ट, कॉइलच्या प्लेटभोवतीच्या गॅस्केटमधून येत असेल तर गॅस्केट बदलून काम होतं, आणि बाहेरच्या बॉडीच्या कडेने तांबूस पाणी येत असेल तर आतली टाकी गंजली, मग मात्र नवाच घ्या, टाकीला जोडकाम करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. गीझर चालू केला की थोड्या वेळाने थेंब थेंब, बंद केला की थांबायचं. मी घरी नसताना भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, कोणातरी फिटरला बोलावलं आणि त्याने व्हॉल्व्ह काढून तिथे डमी, म्हणजे बंद बूच, मारून दिली. ठिबकणं बंद, भाऊजी खूश. मी संध्याकाळी बघितलं आणि सरळ एमसीबी पाडला, म्हटलं हे निघाल्याशिवाय कोणी गीझर लावायचा नाही. त्यावरून जे रामायण झालं ते आजतागायत चालू आहे. "वहिनी, पातेल्यात पाणी तापतं, त्याला कुठे व्हॉल्व्ह असतो?" हा भाऊजींचा मुद्दा. पातेलं वरून उघडं असतं भाऊजी!

आता कारण सांगते, कारण ते ऐकून घ्यायला तेव्हा कोणी तयार नव्हतं. पाणी तापलं की फुगतं. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर नेलं की साधारण साडेतीनशे मिली जास्त जागा मागतं. इनलेटला नॉन-रिटर्न असतो, म्हणजे ते उलटं लाइनमध्ये जाऊ शकत नाही, नळ बंद, मग टाकीत प्रेशर वाढतं आणि ते व्हॉल्व्हच्या ठरलेल्या मर्यादेला, बऱ्याच गीझरना 8 बार असते, पोचलं की व्हॉल्व्ह थोडं पाणी सोडून देतो. बस, एवढंच ते ठिबकणं.

आणि खरा धोका पुढे आहे. थर्मोस्टॅटचे पॉइंट कधीतरी चिकटतात, मग पाणी तापतच राहतं. त्याच्यावर कटआउट असतो, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा, पण तोही नाही पडला तर? प्रेशरखाली पाणी 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, गपचूप तापत राहतं, आणि टाकी फाटली की त्या क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीडहजारपटीहून जास्त जागा लागते. बाथरूमची भिंत जाते हो. ते होऊ नये म्हणून जो शेवटचा राखणदार असतो, त्याच्याच तोंडात बोळा कोंबून तो फिटर पैसे घेऊन गेला होता, आणि मला सांगतायत दोन थेंबांसाठी वहिनी घर डोक्यावर घेते. नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत मी सगळ्यांसाठी गॅसवर पाणी तापवलं पण तो गीझर लावू दिला नाही.

पुढे काही वर्षांनी त्याच गीझरची टाकी गळायला लागली. लगेच भाऊजी, "बघा, एवढा व्हॉल्व्ह बदलून शेवटी गीझर गेलाच." दर कार्यक्रमाला चार लोकांत हे सांगतात. तर आज लेखी उत्तर देते. टाकी गेली ती अ‍ॅनोडमुळे. आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, टाकीच्या स्टीलच्या आधी तो झिजावा म्हणूनच घातलेला असतो, आणि तो संपला की गंज टाकी खायला लागतो. जुना गीझर भंगारात द्यायच्या आधी मी उघडायला लावला, रॉडच्या जागी नुसती तार उरली होती आणि खाली पांढऱ्या क्षाराचा ढीग. सर्व्हिसिंगला माणूस बोलवा असं मी म्हणत होते तेव्हा "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हे वाक्य कोणाचं होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. पाणी क्षाराचं असेल तर वर्षा-दोन वर्षांनी रॉड बघायलाच हवा, याला पर्याय नाही.

हां, तुमचा प्रश्न. बादलीने अंघोळ करणारी दोन-तीन माणसं असतील तर 15 लिटर पुरतो, शॉवर असेल किंवा एकामागोमाग चार जण जाणार असतील तर 25. हिशोब असा, 60 अंशांचं 25 लिटर पाणी 25 अंशांच्या पाण्यात मिसळून 40 अंशांचं केलं तर कागदावर 58 लिटर होतं, पण गार पाणी टाकीत शिरून मिसळत राहतं त्यामुळे हातात त्याहून कमीच येतं. 2000 वॉटची कॉइल तेवढं तापवायला अर्धा तास घेते आणि साधारण एक युनिट खाते. 15 चा त्याच कॉइलवर अठराएक मिनिटांत तयार. उगाच मोठा घेऊ नका, तापवून न वापरलेलं पाणी फुकटच गार होतं.

स्वतः बसवण्याबद्दल म्हणाल तर पाइप जोडणं, टेफ्लॉन गुंडाळणं जमेल तुम्हाला, वायरिंगला हात लावू नका. 2000 वॉट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, त्याला 16 अँपिअरचा सॉकेट, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, खरं अर्थिंग, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्याच हुकांवर नवा टांगू नका, भरलेला 25 लिटरचा गीझर तीस-पस्तीस किलोच्या घरात जातो. आणि गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत स्विच लावू नका, रिकाम्या टाकीत कॉइल लगेच जळते. वॉरंटीसाठी काही कंपन्यांना त्यांचाच माणूस बसवायला लागतो, ते कार्डावर आधी वाचा.

एक राहिलंच. वर मी ठिबकणं नॉर्मल म्हटलं ते फक्त तापताना. गीझर बंद, पाणी गार, तरी ठिबकत असेल तर एकतर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय किंवा लाइनचंच प्रेशर जास्त आहे. पहिल्यात व्हॉल्व्ह बदला, दुसऱ्यात लाइनला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावा, गीझर बदलून दोन्ही सुटत नाही. आणि थेंबांचा त्रासच होत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला पातळ नळी लावून मोरीत सोडा, टोक उघडं आणि उतार खालीच. आमच्याकडे आता तशीच आहे. भाऊजींना ती नळी पण शोभत नाही म्हणे.