त्याने प्रश्न विचारलाच नव्हता

“मॅडम, मुलं आमच्यापाशी मन मोकळं करतात. आम्ही काही मानसशास्त्र शिकलेलो नाही. बोलताना चुकलो तर?”

महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम करताना शिक्षकांच्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेली काळजी ही. तुकड्या वाढल्या, नवे शिक्षक रुजू झाले, तशी ती आणखीच ऐकू येऊ लागली. म्हणून एका सरांची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

सर आले ते छापील हजेरी घेऊनच. एका नावापुढे सलग अकरा गैरहजेऱ्या. त्यांच्याभोवती पेन्सिलीने इतक्यांदा गोल काढला होता की कागद तिथे फाटायला आला होता.

“शेवटचा आला त्या दिवशी तास संपल्यावर टेबलापाशी थांबला होता,” ते म्हणाले. “मी फळा पुसत होतो. बॅगेची चेन उघड-बंद करत म्हणाला, ‘सर, हल्ली झोपच लागत नाही. काही करावंसंच वाटत नाही.’ मी म्हटलं, ‘मोबाइल कमी कर, अभ्यासाला लाग, सगळं ठीक होईल.’ ‘हो सर’ म्हणाला आणि गेला.”

पहिल्या दोन-तीन भेटी स्वतःला बोल लावण्यातच गेल्या. ‘तुमची काही चूक नाही’ असं मी त्यांना म्हटलं नाही. तेही ‘सगळं ठीक होईल’चंच भावंड झालं असतं.

पुढच्या भेटीत मी विचारलं, “मग काय म्हणायला हवं होतं?”

“तेच तर सुचत नाही. पण सुचायलाच हवं होतं. शिक्षकाला उत्तर आलंच पाहिजे.”

“हेच वाक्य ‘च’ काढून म्हणून बघता?”

“शिक्षकाला उत्तर आलं पाहिजे.”

“आणखी थोडं सैल करा.”

“उत्तर आलं... तर बरं.” त्यांचे खांदे जरा खाली आले.

“आता सांगा, त्याने तुम्हाला नेमका काय प्रश्न विचारला होता?”

सर काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. पेन्सिलीचा तो गोल बोटाने गिरवत राहिले. मीही काही बोलले नाही. बाहेर तासाची घंटा होऊन गेली. मग अगदी हळू म्हणाले, “मॅडम, त्याने प्रश्न विचारलाच नव्हता.”

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत तयार झालेली. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली, की घटनेइतकाच, किंबहुना जास्त, त्रास आपण स्वतःवर आणि जगावर लादलेल्या हट्टाचा होतो. हा हट्ट मराठीत एका अक्षरात मावतो, हे मात्र मला अनेक वर्षं माणसांचं बोलणं ऐकून उमगलं. तेव्हापासून मी तो ‘च’ कान देऊन ऐकते. सरांच्या ‘च’ने त्यांना नुसता त्रास दिला नव्हता, त्यांचा कानच बंद केला होता. वर्गात हात वर झाला की प्रश्न, आणि प्रश्न आला की उत्तर, ही वर्षानुवर्षांची सवय. मुलाचं दुःखही त्यांनी प्रश्न म्हणूनच ऐकलं.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, उत्तर देण्याची जबाबदारी आधी खाली ठेवा. ‘कधीपासून असं होतंय?’ एवढं विचारा आणि थांबा. तो गप्प राहिला तर तुम्हीही थोडं गप्प राहा. ‘जगणंच नको झालंय’ अशा अर्थाचं काही कानावर आलं, तर आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने अनेकांना मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत बोलवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येईलच असं नाही. आणि ‘समुपदेशकाकडे जा’ म्हणण्यापेक्षा ‘चल, मी येतो सोबत’ म्हणा. पुढे तो माझ्याशी काय बोलला, हे मी सहसा तुम्हाला सांगणार नाही. याचा राग येतो काहींना. पण त्या बंद दारावरच मुलांचा विश्वास असतो.

या मुलाबद्दल नंतर कळलं की आणखी तिघा शिक्षकांनाही तो बदललेला जाणवला होता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने विचारलं असेल. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा एक प्रयोग आहे. इंटरकॉमवर कुणाला तरी फेफऱ्याचा झटका आल्याचे आवाज ऐकू येतात. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका ओसरण्याआधी मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. महाविद्यालय वाढतं तेव्हा नेमकं हेच होतं. म्हणून मी व्यवस्थापनाकडे एकच आग्रह धरला: प्रत्येक मुलामागे एका शिक्षकाचं नाव ठरलेलं असावं, आणि त्या शिक्षकाच्या वेळापत्रकात त्यासाठी तास राखलेला असावा.

प्रशिक्षणही बदललं. पूर्वी मी लक्षणांच्या याद्या दाखवायचे, शिक्षक त्या टिपून न्यायचे. आता जोड्या लावते. एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही. पहिल्याच मिनिटाला कुठून तरी “अहो, तुम्ही असं करा ना” ऐकू येतं, आणि मग सगळ्यांच्याच लक्षात येतं.

सरांनी त्या मुलाला फोन केला. काय बोलायचं ते आम्ही आधी कागदावर लिहून पाहिलं होतं: “त्या दिवशी तू काही सांगत होतास. मी नीट ऐकलं नाही. आता ऐकायचंय.” दोन दिवसांनी दोघं माझ्या दाराशी आले. मुलगा आत आला, सर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्यांचा त्या वेळचा तास बुडाला. तो त्यांनी शनिवारी घेतला.