भावी आमदारांचं पेज सांभाळणाऱ्या मुलीला

पोरी,

तुझा मेसेज वाचला. आपल्या तालुक्यातल्या एका इच्छुकाचं फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप सगळं तुझ्याकडे आलंय, पहिल्याच रीलला दोन लाख व्ह्यूज पडले आणि साहेब खूश आहेत. असणारच. एकाखाली एक 'फिक्स आमदार', 'जाळ आणि धूर संगटच' असल्या कमेंटा वाचून कुणाला गुदगुल्या होणार नाहीत? पण याची मतं होतील का, असं तू विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितोय. फोनच केला असता, पण तू बोलता बोलता स्क्रोल करत असतेस.

आधी ते दोन लाख कोण, ते बघ. पेजच्या आकडेवारीत शहर आणि वय दिसतं. वरच्या चार ओळी पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा असतील आणि आपला तालुका कुठेतरी खाली, तर ती करमणूक झाली, प्रचार नाही.

सांगोल्याचं उदाहरण घे. जून २०२२ मध्ये तिथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले, 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील', आणि ती क्लिप घराघरात गेली. त्यावर गाणी निघाली, पोरंसोरं नकला करायला लागली. इतकी फुकटची प्रसिद्धी कुठल्या एजन्सीला कोटभर देऊनही मिळाली नसती. २०२४ च्या विधानसभेला सांगोलेकरांनी त्यांना पाडून शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून दिले. ओळखत अख्खा महाराष्ट्र होता, मत मात्र एका मतदारसंघाला द्यायचं होतं. त्याच निवडणुकीत वर्सोव्यातून अभिनेता एजाज खान उभा होता. इन्स्टाग्रामवर पन्नास लाखांच्या वर फॉलोअर, आणि पेटीत दीडशेच्या आसपास मतं. नोटालाही त्याहून कितीतरी जास्त पडली.

याचा अर्थ मोबाइलनं काहीच होत नाही असा काढू नकोस. २०१९ हे वर्ष नीट समजून घे, त्यात दोन्ही बाजू सापडतात.

त्या वर्षी लोकसभेला मनसेनं एकही उमेदवार दिला नव्हता, पण राज ठाकरे सभा घेत होते. स्टेजवर मोठा पडदा, 'लाव रे तो व्हिडिओ' म्हटलं की सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणं सुरू. मेळघाटातल्या हरिसालच्या 'डिजिटल गावा'च्या जाहिरातीतला तरुणच त्यांनी स्टेजवर आणून उभा केला. मैदानं भरत होती आणि सभा संपायच्या आत तुकडे फोनवर फिरत होते. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. निकाल लागला तेव्हा भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा.

ऑक्टोबरात विधानसभा आणि तिच्याबरोबर साताऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक. १८ तारखेच्या रात्री साताऱ्यात शरद पवार भर पावसात भाषण करत राहिले. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली आणि ती २१ तारखेला दुरुस्त करा, असं ते बोलले. तो भिजलेला फोटो रातोरात सगळीकडे पोचला. पवारांच्या श्रीनिवास पाटलांनी, पक्ष सोडून भाजपकडून उभ्या राहिलेल्या उदयनराजेंना ८७ हजारांहून जास्त मतांनी हरवलं.

दोन्हीकडे व्हिडिओ जबरदस्त आणि बोलणारे कसलेले. मग फरक कुठे पडला? पावसानं निवडणूक फिरवली असं लोक अजून सांगतात, मला ते पुरतं पटत नाही. उन्हाळ्यातल्या त्या सभा ऐकून घरी गेलेल्या माणसाच्या दारात दुसऱ्या दिवशी त्या पक्षाचा कुणीच पोलचिट घेऊन येणार नव्हता, कारण मतदान यंत्रावर त्यांचं चिन्हच नव्हतं. साताऱ्यात गावोगाव माणसं होती, सोसायटीतली, कारखान्यावरची, जुनी. नेते सोडून गेल्यामुळे ती गळून बसली होती. मतदानाला तीन दिवस उरलेले, हातात तो फोटो आला आणि ती उठली. फोटोनं मतदार फिरवला यापेक्षा कार्यकर्ता उठवला, असं माझं मत आहे. हे कुणी मोजून दाखवू शकणार नाही, पण निवडणुका जवळून बघितलेल्या कुणालाही विचार.

तेव्हा तुझा पहिला प्रेक्षक बूथवरचा पोरगा आहे. त्याला स्टेटसला ठेवता येईल असं अर्ध्या मिनिटाचं काहीतरी रोज दे, आणि त्यात त्याच्या गावातलं काम दिसू दे, साहेबांची गॉगल लावून गाडीतून उतरतानाची चाल नको. (ते स्लो मोशन आधी बंद कर. तालुक्यातल्या सगळ्या इच्छुकांचं तेच चाललंय, माणूस कुठला आणि गाडी कुणाची तेही कळत नाही.)

दुसरं काम याहून मोठं आहे आणि ते पोस्ट टाकण्याचं नाही, वाचण्याचं आहे. वॉर्डाच्या ग्रुपवर सकाळी सव्वासहाला कुणीतरी बादलीचा फोटो टाकतं. पाणी चहाच्या रंगाचं. खाली, 'तीन दिवस झाले, कुणीतरी लक्ष घाला.' त्याच्या लगेच खाली आपलाच कार्यकर्ता साहेबांचा हार घातलेला फोटो टाकतो, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, आणि मग ओळीनं चाळीस जण हात जोडतात. बादलीचा फोटो वर सरकून गेला. ज्या घरातून तो आला ते घर मात्र हे विसरत नाही. तिथे तू काय करायचंस? पाणी सोडणाऱ्याला फोन लाव, लाइन कुठे फुटलीय ते विचार, आणि त्याच ग्रुपवर साध्या अक्षरात दोन ओळी लिही: कुठे फुटलीय, कधी दुरुस्त होणार, तोवर टँकर कुठे उभा राहील. बॅनर नको. साहेबांचं नावही नको, लोकांना कळतं कुणी केलं ते. मग वहीत नोंद कर: तारीख, गल्ली, तक्रार, कुणाला सांगितलं, झालं की नाही. आठ-दहा महिने अशी वही नीट ठेवलीस तर ती साहेबांच्या सगळ्या रील्सपेक्षा महाग आहे.

आणि ग्रुपवर लिहितात ते बहुतेक पुरुष, हेही ध्यानात ठेव. बायका तिथे गप्प असतात. त्यांचे व्हॉइस मेसेज साहेबांच्या घरी वहिनींच्या फोनवर येतात, नाहीतर बचत गटाच्या ग्रुपवर फिरतात. वहिनींशी ओळख वाढव. तुला मुलगी असण्याचा तिथे फायदा आहे, तो तुझ्या आधीच्या पोराला नव्हता.

मतदानाच्या टक्क्यातही फोनपेक्षा दारात जाणारा माणूस मोठा. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. कोल्हापूर जिल्हा ७६ च्या आसपास, आणि मुंबईत कुलाब्यात निम्मेसुद्धा लोक आले नाहीत. इंटरनेट, फोन, वर्तमानपत्रं कुलाब्यात काय कमी आहेत? कोल्हापूरच्या गावात दुपारी दोनपर्यंत कोण आलं नाही याची यादी कुणाच्या तरी हातात असते आणि तो मोटारसायकल काढून दारात जातो. तुझं काम त्या यादीशी जोड. मतदार यादी भागानुसार असते, एका भागात साधारण हजार-बाराशे नावं. अठरा पूर्ण होणारी पोरं शोध, नव्या नावनोंदणीचा नमुना ६ भरून घे. अठरा पूर्ण झाली का ते बघायला आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. रीलवर बदाम देणाऱ्या पोराचं नावच यादीत नसेल तर त्या बदामाचं काय करायचं?

आता कटू विषय. तुला एक दिवस एक क्लिप येईल. समोरच्याच्या चारित्र्याची असेल, नाहीतर जातीधर्मावरून भडका उडवणारी. 'आपल्या पेजवर नको, दुसऱ्या नंबरवरून सोड' असा निरोप येईल. तेव्हा राईनपाडा आठव. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा फोनांवर फिरत होती आणि भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं केलं. ते मेसेज पुढं ढकलणाऱ्या बहुतेकांना आपण काही वाईट करतोय असं वाटलंच नसेल. तुला मात्र माहीत असेल.

समोरून तुमच्यावर असं काही आलं तर ते शेवटच्या रात्री येईल, उत्तर द्यायला वेळ उरू नये म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाच्या आदल्या रात्री विरोधी बाजूच्या दोन नेत्यांच्या नावानं बिटकॉइनच्या पैशाच्या ऑडिओ क्लिपा आल्या. तो आवाज आपला नाही असं त्यांनी सांगितलं, तक्रारी झाल्या, पडताळणी करणाऱ्यांना त्यात बनावट आवाजाची लक्षणं दिसली. पण तोवर सकाळ होऊन रांगा लागल्या होत्या. म्हणून साहेबांचा साधा, स्वतःच्या तोंडचा खुलासा कोणत्या ग्रुपवर, कुणामार्फत, किती मिनिटांत जाईल हे महिनाभर आधी ठरवून ठेव.

कायद्याचं थोडक्यात. उमेदवारी अर्जाच्या शपथपत्रात सोशल मीडियाची खाती द्यावी लागतात. पैसे देऊन केलेली जाहिरात आधी एमसीएमसीकडून, म्हणजे निवडणुकीच्या जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून, प्रमाणित करून घ्यायची, आपल्या पेजवरच्या साध्या पोस्टला ते लागत नाही. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आहे, आणि त्यात जाहिरातीचेच नव्हे, मजकूर बनवणाऱ्यांचे आणि खाती सांभाळणाऱ्यांचे पैसेही धरतात, म्हणजे तुझा पगारसुद्धा. 'फॅन क्लब'च्या नावानं परस्पर बूस्ट मारणाऱ्या उत्साही भावांना सांग, उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय असा खर्च करणं गुन्हा आहे. पालिका आणि झेडपीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, त्यांचे आदेश निराळे, ते निराळे वाच.

तुझ्या पैशाचं काय ठरलंय ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे ठरलेलं नाही. महिन्याचं महिन्याला घे, खात्यावर घे, 'निकालानंतर बघू' वर थांबू नकोस. पेज तुझ्या स्वतःच्या अकाउंटवरून काढलं असशील तर आजच साहेबांच्या घरातल्या दुसऱ्या कुणाला अ‍ॅडमिन कर. उद्या तिथून कुणी काही टाकलं तर पोलीस पहिला फोन तुला करतील. आणि ती वही तुझ्याजवळ ठेव, वॉर रूममध्ये नको.

तुझा,
काका