दप्तरात चाकू सापडला, आता पोलीस केस होणार का?

मी समुपदेशक. दहावीतल्या एका मुलाचे वडील त्याला घेऊन हाच प्रश्न विचारायला माझ्याकडे आले. शाळेत दप्तरं तपासताना कंपासपेटीखाली रुमालात गुंडाळलेला घडीचा चाकू मिळाला आणि मुलाला घरी पाठवलं. "मॅडम, संपलं ना याचं सगळं?"

आधी कायद्याचंच बोलले. त्याशिवाय त्यांच्या कानात दुसरं काही शिरणार नव्हतं. शस्त्र कायदा 1959 चा. त्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रात मोडते. घरकामाची, शेतीची हत्यारं वगळली आहेत. हा चाकू बोटभर पात्याचा. पण म्हणून निर्धास्त राहू नका, म्हटलं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाईहुकूम लागू असला, तर साधा चाकू काय, लाठी घेऊनही बाहेर फिरता येत नाही. शिवाय शाळेची शिस्त वेगळीच. मात्र मूल अठराच्या आतलं असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, नाव छापता येत नाही.

वडिलांचा जीव जरा भांड्यात पडला. लगेच मुलाकडे वळून, "कुठून आणलास?" हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि त्याला उत्तर मिळतं ते दुकानाचं. वडिलांना बाहेर बसवून मी विचारलं, "कोणाची भीती वाटते?"

बराच वेळ नखं कुरतडून झाली. मग कळलं, क्लासच्या मागच्या बोळात तीन मोठी मुलं त्याला अडवतात, पैसे मागतात, दिले नाहीत तर मोबाइल हिसकावतात. "काढणार नव्हतो मी. खिशात नुसता हात लागला तरी बरं वाटायचं."

चाकू बाळगणारी जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांतली बरीचशी अशीच घाबरलेली असतात. आणि तिघांपुढे काढलेला चाकू कोणाच्या हातात जाईल, हे सांगायला समुपदेशक लागत नाही. त्यालाही ते ठाऊक होतं.

धमकावून पैसे उकळणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. वडील तडक पोलीस ठाण्यात निघाले होते; मुलगा रडकुंडीला आला. शेवटी ठरलं ते असं: महिनाभर वडील क्लासला न्यायला येणार, बोळातला प्रकार मुख्याध्यापकांना लेखी कळवणार, तक्रारीचं मुलाशी बोलूनच ठरवणार. 1098 हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलाने स्वतःच वहीत लिहून घेतला.