पेपर सगळ्यांना एकच, मग आमची कोरकू मुलं मागे का?

प्रश्न : मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. जवळपास सगळी मुलं घरी कोरकू बोलतात. पॅटचा, म्हणजे सरकारच्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीचा, पेपर राज्यभर एकच, पुण्यातल्या मुलांना जो तोच आमच्या मुलांना, आणि मग शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, गुणांची तुलना झाली की आमची शाळा खाली. बोललं तर म्हणतात पेपर एकच आहे, अन्याय कसला? अशा परीक्षा बंदच कराव्यात का? – एक शिक्षिका, मेळघाट

उत्तर : ताई, पेपर एकच असला म्हणजे परीक्षा एकच झाली असं नाही. कोरकू ही मराठीची बोली नाहीच, ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या घरातली भाषा. म्हणजे तुमचा तिसरीतला पोरगा गणिताचा पेपर सोडवतो तेव्हा त्याची आधी मराठी तपासली जाते आणि त्यातून निभावला तर मग गणित, आणि गुण मात्र नुसत्या गणिताच्या नावावर लागतात. खरा घोळ इथे आहे.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. पेपर झाल्यावर दुसऱ्या दिवशी एकच हिशोब तीन प्रकारे द्या. नुसतं ४५ + ३८. मग तेच मराठी शाब्दिक उदाहरण म्हणून, मुलांनी स्वतः वाचून. मग तेच तोंडी, कोरकूत, तुम्हाला येत नसेल तर मोठ्या वर्गातल्या एखाद्या ताईकडून सांगून. पहिलं आणि तिसरं येतंय पण दुसरं अडतंय, तर त्या मुलाला बेरीज येते. तिन्ही अडली तर मात्र गणितच कच्चं आहे, तिथे भाषेकडे बोट दाखवून चालणार नाही, शिकवायलाच लागेल. आणि एक, वाचून दाखवणं गणितापुरतंच. मराठी वाचनाचा उतारा आपणच वाचून दाखवला तर तपासणार काय?

अमेरिकेत कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत एक प्रश्न खूप गाजला, धावपटूला जशी मॅरेथॉन तसं वल्हं मारणाऱ्याला काय? उत्तर रेगाटा, म्हणजे होड्यांची शर्यत. आता ज्या घरात असल्या शर्यती कुणी कधी बघितल्याच नाहीत त्या मुलाची बुद्धी यातून काय कळणार! असे जोड्यांचे प्रश्न पुढे २००५ मध्ये सॅटमधून गेलेच. पण नुसत्या गुणांतल्या फरकावरून प्रश्न वाईट ठरत नाही हे लक्षात घ्या. परीक्षा बनवणारे दोन गटांतली एकूण सारखीच तयारी असलेली मुलं घेतात आणि एकेक प्रश्न बघतात, सारखी तयारी असूनही एखाद्याच प्रश्नात एक गट सारखा घसरतोय का? घसरत असेल तर तो प्रश्न तपासायचा, लागलं तर काढायचा. हे एका वर्गावर होत नाही, मुलं फार थोडी असतात, पण जिल्ह्याला शक्य आहे, म्हणून प्रश्नवार नोंद ठेवा आणि केंद्रप्रमुखांमार्फत डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, हा विषय लेखी न्या.

परीक्षा बंद करा असं मी म्हणणार नाही. बंद केल्या तर मेळघाटातली मुलं मागे राहतायत हे कागदावर दिसायचंच बंद होईल, आणि दिसलं नाही की शिक्षक, पुस्तकं, कोरकू जाणणारा माणूस, काहीच मागता येत नाही. माझा विरोध आहे तो त्या गुणांवरून शाळांचे नंबर लावण्याला. तुलना करायचीच तर तुमच्याच मुलांची करा, वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत कुठे होती आणि वर्षअखेरच्या संकलित चाचणी दोनला कुठे आली.

आणि परिषदेत कुणी पुन्हा विचारलं तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ दाखवा, शक्य असेल तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेतून व्हावं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. राज्यघटनेचं ३५० अ कलमही भाषिक अल्पसंख्याकांच्या प्राथमिक शिक्षणाबद्दल हेच सांगतं. ज्या भाषेत मुलाला धड शिकवलंच गेलं नाही तिच्यातून त्याचं गणित मोजताय, मग निदान शाब्दिक उदाहरणांतल्या अवघड शब्दांची कोरकू-मराठी यादी तरी पेपरसोबत द्या, एवढी मागणी तुम्ही हक्काने करू शकता.